हात देऊ का?

या पुस्तिकेचं हस्तलिखित हातात आलं तेव्हा मी आधी बुडण्याचं प्रकरण शोधलं. चाळीस वर्षं तलावाच्या काठावर काढलेल्या बाईची ही खोड आहे. पोहण्यावरचं कुठलंही नवं पुस्तक दिसलं की लिहिणाऱ्याला पाण्याची भीती आहे का, हे आधी बघायचं. ज्याला भीती नाही त्याचं पुस्तक मी पुढं वाचत नाही. इथं ते प्रकरण सातवं निघालं. पहिलं होतं कपडे बदलण्याच्या खोलीवर, दुसरं हजेरीवहीवर, आणि तिसऱ्यात चांगली चार पानं खर्चून फक्त एवढंच सांगितलं होतं, की शिक्षकानं आपला तळहात मुलाच्या अंगाला कुठं लावावा आणि कुठं लावू नये. मी जरा चिडलेच. पोर बुडायचं राहिलं बाजूला आणि या बाया टॉवेलचं काय घेऊन बसल्यात! लेखिका दोघी, दोघीही माझ्याच हाताखाली शिकलेल्या, त्यामुळं फोन करून तसं सुनावलंही. एकीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, तुमच्या तलावात एवढ्या वर्षांत किती मुलं बुडाली?"

"एकही नाही," मी ठसक्यात म्हणाले.

"आणि टॉवेलपायी किती मुलं यायची बंद झाली?"

ते मी कधी मोजलंच नव्हतं.

स्वतः मी विहिरीत शिकले. आजोळ कृष्णाकाठी, पण नदीत मगर, म्हणून पोरांना पोहायला न्यायचं ते मळ्यातल्या विहिरीवर. परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी मामा माळ्यावरून वाळका भोपळा काढायचा, काथ्याच्या दोरीनं पाठीला करकचून बांधायचा आणि थारोळ्याच्या दगडावर उभं करायचा. त्याच्या लहानपणी भोपळ्याऐवजी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची सांगड असे. आताच्या पोरांच्या पाठीला पाच लिटरचा तेलाचा डबा असतो. वस्तू बदलल्या, पद्धत तीच. मागून धक्का. खाली वीस फुटांवर काळंशार पाणी. वर कठड्याला टेकून सगळी भावंडं, गडीमाणसं, धुणं घेऊन आलेल्या बाया. पोर जेवढं बोंबलेल तेवढं वरचं हसू मोठं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोर हातपाय मारायला लागलं की मामा मिशीवर ताव देत म्हणायचा, "बघा, मोडली का नाही भीती?"

माझी मोडली. मामेबहिणीची नाही मोडली. ती आता पासष्टीची आहे. दर आषाढीला पंढरपूरला जाते आणि चंद्रभागेत पाऊल न घालता काठावर बसून ओंजळभर पाणी डोक्यावर घेते. विठोबाला चालतं, म्हणते.

मामाला मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. त्याचा आमच्यावर जीव होता, आणि धक्का दिल्यावर पुढच्या क्षणी तो स्वतः सूर मारून शेजारी आलेला असायचा. पण त्या विहिरीत पोहण्याबरोबर आम्ही आणखी एक धडा गिरवला, जो शिकवायचं कुणाच्या मनात नव्हतं. पाण्याजवळ गेलं की आपल्या 'नको'ला किंमत नसते. आपण 'नको' म्हणालो की मोठी माणसं हसतात, आणि शेवटी मोठ्यांचंच खरं ठरतं. ज्याच्या मनात पाप आहे असा माणूस मुलांच्या घोळक्यात नेमकं हेच हेरत असतो: यातल्या कुणाची 'नको' म्हणायची सवय आधीच मोडलेली आहे? त्याचं निम्मं काम आपणच करून ठेवलेलं असतं, तेही कौतुकानं. म्हणून मुलांची सुरक्षितता हे एक खातं आणि त्यांचा मान हे दुसरं, अशी वाटणी मला आता पटत नाही. या पुस्तिकेतही ती नाही. टॉवेल पहिल्या प्रकरणात का, हे मला त्या फोननंतर दोन दिवसांनी उमगलं.

तरीही विहिरीजवळ एक गोष्ट होती जी आमच्या फरशीच्या तलावांजवळ नाही. ती उघडी होती. तिला आडोसा नव्हता, कोपरा नव्हता, दार नव्हतं. जे व्हायचं ते दहा जणांच्या डोळ्यांदेखत. पुढं तलाव आले तशी शिस्त आली: शिट्टी, टोपी, हजेरी, पाण्यात उतरण्याआधी अंघोळ, क्लोरीन. पुण्याच्या टिळक तलावावर, दादरला शिवाजी पार्कच्या तलावावर पिढ्या शिकल्या. उन्हाळ्यात महापालिकांच्या तलावांवर एकवीस दिवसांच्या बॅचसाठी पहाटेपासून रांगा लागतात. पण तलावाबरोबर जाळीही आली, आणि 'पालकांनी आत थांबू नये' ही पाटी. ती पाटी का लागते हे मला ठाऊक आहे. आमच्याकडं मीच ती लावून घेतली होती. आया काठावरून ओरडतात, "अरे पाय मार, तो बघ कुठं पोचला!" आणि पोराचं लक्ष उडतं. पाटीनं ओरडणं थांबलं. बघणंही थांबलं. विहीर दांडगी होती पण चारचौघांतली, तलाव सभ्य आहे पण बंद दाराआडचा. लेखिकांनी सुचवलेला उपाय इतका साधा आहे की मला तो आधी का सुचला नाही याची लाज वाटते: पालकांची बसायची जागा अशी ठेवा की तलावाची चारही टोकं दिसतील आणि आवाज मात्र पोचणार नाही. आम्ही पंपाच्या खोलीवरच्या गच्चीत चार बाक टाकले. झालं.

इतकं सगळं वाचून एखादी आई म्हणेल, नकोच ती कटकट, माझं लेकरू पाण्यात घालतच नाही. असं म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगभर सुमारे तीन लाख माणसं बुडून गेली आणि त्यांतला जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालची बाळं होती. आपल्या देशातला नोंदलेला आकडा अलीकडं दरवर्षी पस्तीस हजारांच्या वर असतो. यांतली बहुतेक माणसं पोहण्याच्या तलावात बुडत नाहीत. ती ओढ्यात, खाणीच्या खड्ड्यात, गणपती विसर्जनाला नदीत, आणि आता शेततळ्यात बुडतात. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, दुष्काळी पट्ट्यात पाणी साठलं, ते चांगलंच झालं. पण शेततळ्याला विहिरीसारख्या पायऱ्या नसतात. उतारावर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला, त्यावर शेवाळ; पट्टीच्या पोहणाऱ्याचाही पाय ठरत नाही. काठाला खुंटी ठोकून गाठी मारलेला एक दोर पाण्यात सोडून ठेवला तर जीव वाचतो. दोराला कितीसे पैसे लागतात? बांगलादेशात गावोगावच्या पुकुरांत, म्हणजे तळ्यांत, बांबूचं कुंपण आणि पाण्याखाली बांबूचा माचा करून चार ते बारा वर्षांच्या मुलांना जीव वाचवण्यापुरतं पोहायला शिकवतात. फरशी नाही, फिल्टर नाही. शिकवायला तलावच लागतो असं नाही, पण शिकवायला हवंच.

तर मग कसं?

उताणं तरंगणं हा पोहण्याचा ओनामा. छातीत हवा असेल आणि डोकं पाण्यावर निवांत टेकलेलं असेल तर बहुतेक मुलं सहज तरंगतात. भीती वाटली की मान वर उचलली जाते, मान उचलली की कंबर खाली जाते, कंबर गेली की पाय तळ शोधायला लागतात. काठावरून आम्ही ओरडतो, "अंग सैल सोड!" ओरडल्यानं कुणाचं अंग आजवर सैल पडलेलं नाही. घाबरलेलं मूल तरंगत नाही यात त्याचा हट्ट नसतो. मान आणि कंबर यांचं ते साधं तराजूचं गणित आहे. आणि मान खाली टेकवायची तर कुणाच्या तरी तळहातावर टेकवावी लागते.

तो तळहात कुठं असावा? एक डोक्याच्या मागं, दुसरा पाठीवर वरच्या बाजूला, दोन फऱ्यांच्या मधोमध. पोटाखाली नाही, मांड्यांखाली नाही, आणि पोशाखाला धरून उचलणं तर कधीच नाही. पालथं शिकवताना शिक्षकानं मुलाला धरण्यापेक्षा मुलानं शिक्षकाला धरावं: शिक्षकाचे हात पुढं, मुलाचे पंजे त्याच्या मनगटांवर. सोडायचं कधी हे मग मुलाकडं राहतं. आणि हात लावायच्या आधी विचारायचं, "हात देऊ का?" किती वेळ धरणार हे सांगायचं. सांगितलं तेवढंच धरायचं.

या शेवटच्या वाक्याची किंमत मी मोजलेली आहे. एका मे महिन्यात सहा-सात वर्षांचा एक मुलगा आला. बारीक चणीचा, ओठ निळे पडेपर्यंत पाण्यात उभा राहायचा पण पाय उचलायचा नाही. पाचव्या दिवशी मी विचारलं, "हात देऊ का?" त्यानं उलट विचारलं, "किती वेळ?" मी म्हणाले, "तीन आकडे." तो मागं झुकला, मान माझ्या हातावर टेकली, पाय वर आले. एक, दोन, तीन. आणि तो इतका छान तरंगत होता की मला मोह आवरला नाही. मी चार म्हणाले. मग पाच म्हणाले. पाचला तो कमरेत मुडपला, तोंडात पाणी गेलं, खोकत काठाला गेला आणि मागं वळून माझ्याकडं पाहिलं. रडला नाही. नुसतं पाहिलं. बाकीच्या पोरांसमोर मी म्हणाले, "बघ, पाच आकडे तरंगलास की!" त्याला शाबासकी दिली, असं वाटलं मला. त्यानंतर आठ दिवस त्यानं मला हात लावू दिला नाही.

आता पुरुष शिक्षकांबद्दल, कारण हे सगळं वाचून त्यांच्या पोटात गोळा येतो. माझ्या बरोबरीनं काम केलेले एक सर, ज्यांच्या हातून शेकडो मुली पोहायला शिकल्या आणि ज्यांच्याबद्दल कुणी वावगा शब्द काढणार नाही, ते परवा म्हणाले, "बाई, आता आम्ही काठावर उभं राहून काठीनंच शिकवायचं का?" त्यांचं दुखणं खोटं नाही. पोहणं हा हात न लावता शिकवता येणारा विषय नाही, आणि नुसत्या भीतीनं हात मागं घेणारा शिक्षक अडचणीच्या वेळीही मागंच घेईल. पण विचारून, सांगून, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दिलेला हात सरांचंच रक्षण करतो. मुलाला हातांची रीत माहीत असली की वेगळा हात त्याला लगेच कळतो, आणि घरी जाऊन सांगायला शब्दही मिळतात: "सर विचारत नाहीत." एवढं वाक्य पुरे असतं. एकट्या मुलाला वेगळं थांबवून शिकवणी नाही, घरी सोडायला गाडीवर एकट्याला बसवणं नाही, मुलांशी रात्री खासगी मेसेज नाहीत. निरोप पालकांच्या ग्रुपवर. सरांनी हे ऐकून मान डोलावली आणि म्हणाले, "हे आधी कुणी लिहून दिलं असतं तर बरं झालं असतं."

कायद्याचं प्रकरण लेखिकांनी थोडक्यात उरकलंय. मी असते तर ते वाढवलं असतं, म्हणून इथंच थोडं लिहिते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पोक्सो कायदा २०१२ चा, १४ नोव्हेंबरपासून लागू. अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात येतं, मुलगाही. 'मुलग्याला काय होतंय' म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी शंका जरी आली, तरी ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि हाताखालच्या माणसाचं कृत्य दडपणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाला वर्षभरापर्यंत. म्हणजे 'आपण आपसात मिटवू, क्लबचं नाव खराब नको' म्हणणारे चेअरमनसाहेब स्वतःच गुन्हा करत असतात. २०२० च्या नियमांत शाळा आणि पाळणाघरांबरोबर क्रीडा अकादम्यांचंही नाव घेऊन सांगितलंय की मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळानं झाली पाहिजे, कायम असो की कंत्राटी. तलावावरचा टॉवेलवाला, पंपवाला, झाडूवालाही त्यात आला. मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, घेणारा पोलीस गणवेशात नसावा, आणि मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे. हे घरच्यांना माहीत नसतं, म्हणून ते ठाण्याची पायरी चढायला घाबरतात. मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर तलावाच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला लिहावा, मोठ्यांच्या नव्हे.

पोहण्याच्या संदर्भात आणखी एक निकाल ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं म्हटलं होतं की कपड्यावरून झालेला स्पर्श, कातडीला कातडी लागली नसेल तर, या कायद्याखालचा लैंगिक हल्ला ठरत नाही. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं ते खोडून काढलं: प्रश्न कापडाचा नाही, हेतूचा आहे. ओल्या पोशाखातल्या पोरांना रोज शिकवणाऱ्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

सप्टेंबर २०१९ मध्ये गोव्यात सराव करणाऱ्या एका पंधरा वर्षांच्या जलतरणपटू मुलीनं आपल्या प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली. तिनं फोनवर केलेलं चित्रीकरण बाहेर आलं, क्रीडामंत्र्यांनी लक्ष घातलं, प्रशिक्षकाला दिल्लीत अटक झाली. सगळे म्हणाले, किती धीराची मुलगी. मला त्यातली एकच गोष्ट अजून टोचते. पुरावा गोळा करायचं काम पंधरा वर्षांच्या मुलीवर का पडावं? आणि ते चित्रीकरण हळहळ व्यक्त करत पुढं ढकलणाऱ्यांपैकी किती जणांना वाटलं असेल, की आपणही तिच्या अंगावरचा आडोसा ओढतोय? हे आपल्याकडचंच आहे असंही नाही. १९८८ च्या सोल ऑलिंपिकला ब्रिटनच्या जलतरणपटूंना घेऊन गेलेला प्रशिक्षक पॉल हिक्सन याला आपल्याच शिष्यांवरच्या अत्याचारांसाठी १९९५ मध्ये सतरा वर्षांची शिक्षा झाली. त्या धक्क्यानं तिकडच्या खेळजगताला जाग आली आणि २००१ मध्ये खेळातल्या बालसंरक्षणासाठी स्वतंत्र विभाग उभा राहिला. तिथंही पदकांचा झगमगाट होता, तिथंही पालकांनी मुलं विश्वासानं सोपवली होती. मोठ्या सरांबद्दल शंका घेणं कुठल्याच देशात सोपं नसतं.

कपडे बदलण्याच्या खोलीकडं येते. आमच्या लहानपणी घाटावर बायका परकराची नाडी दातात धरून, त्या परकराच्या आत ओलं सोडून कोरडं नेसायच्या. शंभर माणसं ये-जा करत असायची आणि कुणाला काही दिसायचं नाही. माझ्या आजीची ती करामत मी अजून विसरले नाही. आणि आमच्या तलावावर? एक लांबट ओली खोली, सहा फवारे, एकाला दार नाही. 'चला चला, पुढची बॅच आली' म्हणून ओरडणारा माणूस दारात. नऊ वर्षांचा मुलगा भिंतीकडं तोंड करून चड्डी बदलतोय आणि मागून कुणीतरी टॉवेल ओढतंय, हे वर्षानुवर्षं मी ऐकत आले, आणि पोरं मस्ती करतात म्हणून सोडून देत आले. टॉवेलपायी गेलेली मुलं ती हीच असणार. लेखिकांनी जुना पंचा मधोमध दुमडून, गळ्यापुरता कापून, बाजूंना शिवण घालून केलेल्या झब्ब्याची आकृतीच दिली आहे. आजीचाच परकर तो, फक्त दात मोकळे. खोलीत फोन बंद. लहान मुलांच्या वेळी मोठ्यांना तिथं प्रवेश नाही. काठावर रील काढणाऱ्या आयांनाही सांगायला हवं की तुमच्या बाळामागं दुसऱ्या चार जणींची बाळं अर्ध्या कपड्यांत दिसतायत.

मुलींचं आणखी एक. महिन्यातले चार दिवस. 'आज पाण्यात का नाही?' हा प्रश्न पंचवीस पोरांसमोर मोठ्यानं विचारला जातो, आणि बारा वर्षांची मुलगी 'सर्दी झालीय' म्हणते. पुढच्या महिन्यात परत सर्दी. तिसऱ्या महिन्यात ती येतच नाही. हजेरीवहीत एक खूण करा, 'आज काठावर', कुणासाठीही, कारण न विचारता. दुसरं प्रकरण हजेरीवहीवर का आहे ते यावरून कळेल. पोशाखाचंही तसंच: सुती कपडा पाणी पिऊन जड होतो, तो नकोच, पण पोहण्याच्याच कापडाचा घोट्यापर्यंतचा पोशाख कुणाला हवा असेल तर नियमावली आड येऊ नये. आणि 'काळी पडशील', 'जाड्या, पाणी बाहेर येईल' हे विनोद बंद. मी स्वतः केलेत.

सगळ्यांना एकाच शिट्टीवर हाकणं हाही एक अपमानच असतो, आणि धोकाही. कानाचं यंत्र लावणाऱ्या मुलाला ते काढून पाण्यात उतरावं लागतं. मग त्याला शिट्टी ऐकू येत नाही आणि आम्ही म्हणतो, ऐकत नाही. जाड भिंगाचा चष्मा काढलेल्या मुलीला काठावरच्या मॅडमचा चेहरा म्हणजे एक पांढरा ठिपका. त्यांच्यासाठी हाताच्या खुणा ठरवून ठेवाव्या लागतात. स्वमग्न मुलांना गोंगाट आणि अचानक स्पर्श सोसत नाही, पण पाणी सोसतं, पुष्कळदा आवडतंही. मुंबईच्या स्वमग्न जिया रायनं २०२१ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचे ३६ किलोमीटर समुद्रातून पार केले तेव्हा ती बारा वर्षांची होती.

बुडण्याचं सातवं प्रकरण सरस आहे, त्याबद्दल तक्रार नाही. त्यातली एकच गोष्ट उचलते, कारण ती सिनेमांनी चुकीची शिकवली आहे. बुडणारं मूल हाका मारत नाही. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवरचे जीवरक्षक फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्यांचं चित्रीकरण वर्षानुवर्षं पाहून हे मांडलं: तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्यात जेमतेम श्वास घेतला जातो, ओरडायला हवा उरत नाही; हात हलवून बोलावता येत नाहीत, ते दोन्ही बाजूंना पाणी दाबत राहतात; आणि हे सगळं वीस सेकंदांपासून मिनिटभरात संपतं. शेजारच्या माणसाला वाटतं पोर खेळतंय. पाठ फिरवून एकाला शिकवणारा शिक्षक बाकीच्या चोवीस जणांचा जीवरक्षक असू शकत नाही. जीवरक्षक वेगळा हवा आणि त्याचं काम फक्त बघणं. त्याच्या हातात फोन दिसला तर तुमचं मूल घेऊन घरी जा, फी बुडाली तर बुडू द्या.

दोन ठिकाणी माझं लेखिकांशी जमत नाही. त्यांना काठावर कॅमेरे हवेत. मला विचाराल तर कॅमेऱ्यावर नजर कोण ठेवणार? ओल्या पोशाखातल्या मुलांचं चित्रीकरण ऑफिसातल्या कुठल्या संगणकावर किती दिवस पडून राहणार, कुणाच्या फोनवर जाणार? मला गच्चीवरच्या चार आया जास्त भरवशाच्या वाटतात. दुसरं, सोसायट्यांच्या तलावांवर त्यांनी फारसं लिहिलेलं नाही. धोका आता तिकडं सरकतोय. व्हॉट्सॲपवर 'कोच येणार, महिना अमुक' असा निरोप फिरतो, कोच येतो, जीवरक्षक नाही, हजेरी नाही, तो आधी कुठं शिकवत होता आणि तिथून का सुटला हे कुणी विचारत नाही. गृहसंकुलाच्या फाटकावर दूधवाल्याची नोंद होते, याची होत नाही. पुढच्या आवृत्तीत यावर प्रकरण हवं.

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. तेराव्या दिवशी तो आपणहून माझ्याजवळ आला. मी हात पाठीमागं बांधून उभी होते. तेवढी अक्कल मला आठ दिवसांत आली होती. म्हणाला, "मॅडम, हात द्या. पण आज मोजणार मी."

मी हात दिला. त्यानं मान टेकवली, डोळे मिटले, पाय वर आले. "एक," तो म्हणाला. बराच वेळ गेला. "दोन." आणि दोन आणि तीनच्या मधे त्यानं इतका वेळ घेतला की बॅच सुटल्याची शिट्टी झाली, पोरं काठावर चढून गेली, तलावाचं पाणी शांत झालं, आणि आम्ही दोघं तीनची वाट बघत तिथंच.